फाँतेनब्लोच्या जंगलाची चित्रं बघताना आधी खडक बघा

प्रश्न थोडक्यात असा होता: न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये तेओदोर रूसो या एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रकाराचं हिवाळ्यातल्या जंगलाचं ते भलंमोठं चित्र बघितलं, मग त्याच्यासोबतच्या मंडळींची आणखी काही बघितली, सगळीकडे दगड, ओकची झाडं आणि काळपट तपकिरी रंग. ही चित्रं मुळातच एवढी अंधारी होती का, सगळे जण त्याच त्या फाँतेनब्लोच्या जंगलात का जाऊन बसले, आणि सुट्टीच्या दिवशी वॉटरकलर करणाऱ्या माणसाने यातून नेमकं काय घ्यायचं?

मी लँडस्केप करतो आणि शिकवतो, जास्त करून ऑइलमध्ये, त्यामुळे हे उत्तर चित्रकाराच्या बाजूने आहे, इतिहासकाराच्या नाही. आणि तिन्ही प्रश्नांना माझ्याकडे एकच किल्ली आहे, ती म्हणजे खडक. या चित्रांत लोक झाडं बघतात, साहजिक आहे, झाडं मोठी असतात, पण चित्रकार खरोखर तिथे उभा राहून बघत होता की स्टुडिओत बसून आठवणीवर हात चालवत होता हे तुम्हाला झाड सांगणार नाही, खडक सांगेल.

आधी एक गोंधळ मिटवून टाकू कारण तो कायम होतो. हा रूसो म्हणजे तत्त्वज्ञ रूसो नव्हे, आणि वाघ-माकडं-मोठमोठी पानं रंगवणारा आंरी रूसोपण नव्हे, तो बराच नंतरचा आणि त्याने खरं जंगल कधी बघितलंच नव्हतं, पॅरिसच्या बोटॅनिकल गार्डनवर भागवायचा. आपला तेओदोर रूसो, १८१२ ते १८६७, हा बरोबर उलट्या स्वभावाचा, एकाच जंगलाला आयुष्य देऊन बसलेला माणूस.

तर ते जंगल. फाँतेनब्लो, पॅरिसच्या आग्नेयेला साठेक किलोमीटरवर, जुनं राजेलोकांचं शिकारीचं रान, आज साधारण १७ हजार हेक्टर. तीन-साडेतीन कोटी वर्षांपूर्वी तिथे उथळ समुद्र होता, त्याची बारीक पांढरी वाळू मागे राहिली, त्या वाळूचा वरचा काही थर सिलिकाने चिकटून घट्ट सँडस्टोन झाला, पुढे तो थर तडकला, खालची सुटी वाळू पाण्याने वाहून गेली आणि वरचे दगड आधार सुटल्यावर एकमेकांवर कोसळून पडले. आप्रमाँ आणि फ्रांशार या दोन घळींमध्ये हा पसारा सगळ्यात जास्त. दगड गोलसर, सुजलेले, काहींच्या वरच्या बाजूला कासवाच्या पाठीसारख्या भेगा. वाळू इतकी शुद्ध की काचेच्या कारखान्यांना जायची आणि दगड फोडून त्याच्या चिऱ्यांनी पॅरिसचे रस्ते फरसबंद केलेत.

हे भूगोलाचं पुराण लावतोय कारण रंगाच्या दृष्टीने त्यात सगळं आलं. जुना उघडा दगड राखाडी, त्यावर दगडफूल चढलेलं, ओल धरणाऱ्या बाजूला शेवाळ, आणि खाणवाल्यांनी फोडलेली बाजू एकदम फिकट, जवळजवळ मलईच्या रंगाची. त्यात खाली जमीन पांढऱ्या वाळूची. म्हणजे ऊन पडलं की जमिनीवरून उजेड उसळून दगडाच्या पोटाला लागतो, सावलीतली बाजू खालून उबदार दिसते आणि वरून, जिथे आकाशाचा उजेड पडतो तिथे, निळसर-जांभळी दिसते. एकाच सावलीत दोन टेम्परेचर. हे ज्याच्या चित्रात आहे तो तिथे बसला होता असं खुशाल समजा. सह्याद्रीत काम करणाऱ्यांना हे मुद्दाम सांगायला लागतं कारण आपला बसाल्ट काळा, उजेड गिळून टाकणारा, पायाखाली तांबडी नाहीतर काळी माती, तिथे ही गंमत इतकी उघड दिसत नाही आणि डोळ्याला तिची सवय नसते.

आता झाडांवर माझा राग का आहे ते सांगतो. १८१७ मध्ये पॅरिसच्या अकादमीने रोमला जाऊन शिकायच्या शिष्यवृत्तीत निसर्गचित्राला वेगळं बक्षीस ठेवलं, दर चार वर्षांनी. पण नुसतं निसर्गचित्र नाही हं, ऐतिहासिक निसर्गचित्र, म्हणजे बायबल, पुराण, ग्रीक-रोमन असं काहीतरी चित्रात घडलं पाहिजे, नुसती टेकडी आणि नाला चालायचा नाही. त्या स्पर्धेत एक फेरी झाडाची असायची, सांगितलेलं झाड आठवणीतून रंगवून दाखवायचं. आठवणीतून! साहजिकच सगळी पोरं झाड घोटून तयार करायची, ओकची पानं अशी फिरवायची, एल्मची तशी, खोड इथे वळवायचं. बाहेर जाऊन ऑइलमध्ये छोटे स्टडी करा हे तेव्हाचे गुरूपण सांगायचे, वालांसिएनने १८०० च्या सुमारास त्याच्या पुस्तकात ते सविस्तर लिहून ठेवलंय, पण स्टडी म्हणजे सरावाची वही, भिंतीवर लावायची गोष्ट नव्हे, हे पक्कं होतं. खडकाची वेगळी फेरी नव्हती. त्यामुळे खडकाचा हातखंडा नमुना तेवढा बसलेला नव्हता, समोर दिसतंय ते बघूनच रंगवावं लागायचं, आणि मला वाटतं फाँतेनब्लोने फ्रेंच चित्रकारांना जे शिकवलं त्यातलं निम्मं इथून आलं.

बघायचं असेल तर कोरो बघा, त्याच काळातला फ्रेंच निसर्गचित्रकार. ते पहिलं बक्षीस मिळवणारा मिशालों हा कोरोचा गुरू, वयाने उलट कोरोच त्याच्यापेक्षा थोडका मोठा किंवा बरोबरीचा म्हणा ना, आणि तो १८२२ मध्ये पंचविशीतच गेला. कोरो १८२५ मध्ये इटलीला गेला, तीन वर्षं राहिला, तिथे चिविता कास्तेल्लानाच्या कड्यांचे भरपूर स्टडी केले, उन्हातली बाजू एक सपाट रंग, सावलीतली दुसरा, मध्ये हळूहळू मिसळणं वगैरे काही नाही. तो हात घेऊन तो फाँतेनब्लोला आला. मेटमध्येच त्याचा बा-ब्रेओ भागातल्या ओकचा स्टडी आहे, १८३२ किंवा ३३ चा, जेमतेम ४० बाय ५० सेंटिमीटर, कागदावर ऑइल आणि मग तो कागद लाकडावर चिकटवलेला. बाहेर काम करायची तेव्हाची हीच पद्धत, कागद हलका, झटकन सुकतो, पेटीच्या झाकणाला टाचून काम करता येतं. ट्यूबमधले रंग तोवर आलेले नव्हते, ते पेटंट १८४१ चं, तोपर्यंत डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरलेले रंग, टाचणीने भोक पाडून पिळायचे, फुटले की पेटीभर चिखल.

आणि त्याच मेटमध्ये कोरोचं हागारचं चित्र आहे, १८३५ चं, १८० बाय २७० सेंटिमीटर, वाळवंटात टाकून दिलेली आई आणि तहानेने मरायला टेकलेलं पोर, दुरून देवदूत येतोय. त्या बायबलमधल्या वाळवंटात आपल्या या बा-ब्रेओच्या ओकची नेमणूक झालेली आहे! सरळ स्टडीतून उचललाय. प्रदर्शनात लावायचं तर कथा हवी, मग काय, फ्रान्सचं झाड पॅलेस्टाइनला पाठवलं. दोन्ही चित्रं एकाच दिवशी बघता येतात, पुन्हा जाणं झालं तर एवढं एक करा, आधी मोठं बघा, मग छोट्याकडे जा, आणि उन्हाची धग कुठे जास्त आहे ते स्वतःच ठरवा. माझं मत छोट्याच्या बाजूने आहे, पण मोठं वाईट आहे असं नाही, त्या काळात एवढी उजाड जमीन एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर टाकायला छाती लागत होती.

कोरोची सगळी मदार टोनवर. आधी ड्रॉइंग, मग टोन, रंग त्यानंतर. म्हणजे दगडाची उजेडातली बाजू आकाशापेक्षा गडद की फिकट, खोडाची सावली दगडाच्या सावलीपेक्षा किती पावलं खाली, हे आधी लागलं पाहिजे. आकाशाचा तुकडा आणि उन्हातला फाँतेनब्लोचा दगड यांचा टोन कधीकधी इतका जवळ येतो की डोळे बारीक करून बघितलं तर कड हरवते. कोरो ती कड हरवू देतो. नवशिका तिथे रेघ मारतो.

आता तपकिरीचा मुद्दा. एक म्हणजे त्या चित्रांत दिसणारं तपकिरी एकाच जातीचं नाही, तीन वेगवेगळी कारणं एकमेकांत मिसळलीत आणि आपण सगळ्याला जुनं चित्र म्हणून मोकळे होतो.

पहिलं, खरोखरचा अंधार. तुम्ही बघितलेलं रूसोचं चित्र सूर्यास्ताचं आहे, फांद्यांच्या जाळ्यामागे लाल उजेड आणि आपण उजेडाच्या उलट बाजूला उभे, म्हणजे आपल्याकडची प्रत्येक गोष्ट सावलीतच असणार. खाली सरपणाच्या मोळ्या घेऊन वाकलेल्या बायका आहेत, त्या सापडायला वेळ लागतो आणि लागावा हीच योजना आहे. १८४६ च्या आसपास सुरू केलेलं हे चित्र त्याने मरेपर्यंत हातावेगळं केलं नाही आणि विकलंपण नाही, वीसेक वर्षं त्यावर परत परत काम. रूसोची सवय अशी की आधी शाईने सगळं रेखाटन पक्कं करायचं, मग त्यावर थरावर थर. एवढे थर चढले की पारदर्शकपणा जातोच.

दुसरं, बिट्युमेन. डांबराच्या जातीचा रंग, ताजा असताना इतका सुंदर खोल, उबदार, पारदर्शक तपकिरी की मोह आवरणं कठीण. पण तो पूर्ण सुकतच नाही, वरचा थर सुकून आक्रसतो, खालचा सरकत राहतो, मग मगरीच्या कातड्यासारखे तडे जातात आणि वर काळेपणा वाढतच जातो. रूसोने तो भरपूर वापरला. डोंगरातून उतरणाऱ्या गुरांचं त्याचं मोठं चित्र, १८३६ मध्ये सलाँ नावाच्या सरकारी प्रदर्शनाने नाकारलेलं, आज हेगच्या मेसडाख संग्रहात आहे आणि बिट्युमेनने त्याची पार वाट लावलीय. (त्या नकारानंतर ज्युरीने त्याला वर्षानुवर्षं बाहेरच ठेवलं, शेवटी त्याने पाठवणंच सोडलं, १८४८ च्या क्रांतीनंतर दिवस फिरले. पॅरिसात त्याला 'ल ग्रां रफ्यूजे' म्हणजे सगळ्यात मोठा नाकारलेला म्हणायचे, थट्टा आणि मान दोन्ही त्यात आलं.)

तिसरं, वर लावलेलं व्हार्निश. झाडाच्या राळेचं व्हार्निश काळाने पिवळं पडतं, आकाशाचा निळा हिरवट होतो आणि राखाडी सगळा तपकिरी. हे ओळखायची सोपी पद्धत आहे: चित्रात जी वस्तू पांढरी असायलाच हवी ती शोधा, बाईची टोपी, गाईचा पांढरा डाग, ढगाची कड. ती मधासारखी पिवळी दिसली की तेवढा पिवळेपणा मनातल्या मनात सगळ्या चित्रातून वजा करा. मग खडकाकडे बघा. वर म्हटलं तो सावलीतला निळसर-जांभळा राखाडी पिवळ्या काचेतून बघितला तर मळका तपकिरीच दिसणार. म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: काही मुळातच अंधारी, काही बिचारी बिट्युमेनने नंतर काळवंडलेली, आणि बरीचशी निव्वळ मळलेली. साफ केलेलं आणि न केलेलं चित्र शेजारी शेजारी टांगलेलं असेल तर फरक सांगावा लागत नाही.

चौथं कारण म्हणायचं तर फॅशन, पण ते दियाझच्या खात्यावर टाकतो. नार्सिस दियाझ द ला पेन्या, आईबाप स्पॅनिश, लहानपणी पाय गमावलेला, लाकडी पायाने जंगलभर फिरायचा. आधी चिनी मातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवायचा. रूसोच्या मागे मागे जंगलात जाऊन शिकला आणि मग त्याला एक फॉर्म्युला सापडला: कडेने काळोखी झाडी, मध्ये मोकळी जागा, तिथे उन्हाचे दोनचार तुकडे, एक डबकं, आणि लाल कपड्यातली एक बारकी बाई. हे चित्र त्याने किती वेळा केलं असेल देव जाणे, आणि विकली जायची छान. पहिलं बघताना खरंच मजा येते, दागिन्यासारखा रंग लावतो गडी, पाचव्याला समजतं की खडक म्हणजे त्याच्यासाठी उजेड अडकवायची खुंटी आहे, त्याला वजन नाही, तो जमिनीत रुतलेला नाही. माणूस मात्र दिलदार, तरुण रन्वारला जंगलात टवाळ पोरं त्रास देत होती तेव्हा लाकडी पाय आणि काठी घेऊन मध्ये पडला आणि पुढे त्याला उधारीवर रंग मिळवून दिले अशी गोष्ट सांगतात.

सगळे तिथेच का गेले? खरं सांगायचं तर पॅरिसपासून जवळ, राहायला स्वस्त, मॉडेलला पैसे द्यायला नकोत. बार्बिझाँ हे जंगलाच्या काठावरचं एका गल्लीचं गाव, तिथे गान नावाच्या माणसाची खानावळ-कम-मुक्कामाची जागा, पावसात अडकले की चित्रकार त्याच्या कपाटांवर आणि भिंतींवरच रंगवत बसायचे, आज तेच म्युझियम झालंय. रूसो १८४० च्या दशकाच्या शेवटी तिथेच राहायला गेला, शेतकऱ्यांची चित्रं काढणारा मिले १८४९ मध्ये बायकापोरं घेऊन आला आणि परत गेलाच नाही. त्याच वर्षी रेल्वे फाँतेनब्लोपर्यंत पोचली. म्हणजे चित्रात जे निर्जन रान दिसतं ते प्रत्यक्षात चांगलंच गजबजलेलं होतं. दनकूर नावाचा नेपोलियनच्या फौजेतला जुना सैनिक १८४२ पासून पायवाटा आखून, खडकांवर निळे बाण काढून, गाइडबुकं विकून पर्यटक आणत होता, एकीकडे खाणवाले दगड फोडत होते, वनखातं पाइनची लागवड करत होतं. चित्रात यातलं काही नाही. लबाडी म्हणा किंवा निवड म्हणा, पण गुस्ताव्ह ल ग्रे आणि एजेन क्यूव्हेलिए (हा पुढे त्या गानचा जावई झाला) यांनी तिथेच काढलेले फोटोपण तसेच रिकामे आहेत. त्या फोटोंत अजून एक बघा, एक्सपोजर लांब असल्याने वाऱ्याने पानं हललेली आणि दगड लख्ख. मॉडेल म्हणून खडक परवडतो तो याचसाठी, हलतो तो फक्त त्याच्यावरचा उजेड.

पाइनच्या रोपांवर चित्रकार भयंकर चिडलेले होते, सरळ रांगा आणि बारा महिने एकच हिरवा, काहींनी रोपं उपटून टाकली म्हणतात. पण रूसोने नुसती चिडचिड केली नाही, १८५२ मध्ये तिसऱ्या नेपोलियनचा सावत्रभाऊ मोर्नी याच्यामार्फत त्या नेपोलियनकडे अर्ज केला की जुनी झाडं आणि खडक असलेला भाग तोडीतून वगळा. १८५३ मध्ये ६२४ हेक्टर बाजूला काढले आणि १३ ऑगस्ट १८६१ च्या फर्मानाने १,०९७ हेक्टर कलात्मक राखीव भाग म्हणून जाहीर झाला. अमेरिकेतलं यलोस्टोन राष्ट्रीय उद्यान १८७२ चं, म्हणजे त्याच्याही अकरा वर्षं आधी, आणि कारण काय तर दिसायला सुंदर आहे म्हणून, वाघ-हत्ती वाचवायला नव्हे. आपल्याकडे कातळ फोडून डोंगर गिळणाऱ्या खाणी बघितल्या की मला हे फर्मान हमखास आठवतं.

मोने, बाझी, रन्वार, सिस्ले ही पोरं १८६३ ते ६५ च्या दरम्यान शेजारच्या शाय्यी गावात येऊन राहिली, तिथल्या सावलीतला निळा त्यांनी उघडा केला, पुढे हेच इम्प्रेशनिस्ट म्हणून गाजले.

आता तुमच्या वॉटरकलरसाठी. ऑइलवाला सावली आधी पातळ घालतो आणि उजेड नंतर जाड, अपारदर्शक रंगाने वर चढवतो, त्यामुळे दगडाचा खडबडीतपणा आपोआप येतो. तुम्हाला उजेड कागदातून मिळतो, म्हणजे उन्हातली बाजू आधी ठरवून कोरी ठेवायला लागणार, आणि तिथे बहुतेकांचा धीर सुटतो. दगडांचा ढीग असेल तर एकेक दगड रंगवू नका. सगळ्या सावल्या जोडून एकच आकार धरा, एकाच वॉशमध्ये, म्हणजे पातळ रंगाच्या एका थरात, घाला, वरच्या कडेला थोडा कोबाल्ट निळा, पोटाकडे येताना ओला असतानाच बर्न्ट सिएन्ना हा तांबूस तपकिरी सोडा, दोन्ही कागदावरच मिसळू देत, पॅलेटवर घोटलेत तर चिखल. ते सुकलं की फटींचे तीनचार गडद फटके, बास, आठ नकोत. शेवाळ शेवटी, जवळपास कोरड्या ब्रशने, आणि फक्त दगडाच्या वरच्या उताराच्या दिशेने ओढलेलं. भेगा मोजून काढायच्या नाहीत. बसाल्टवर हेच करायचं तर सावलीचा वॉश दोन टोन खाली घ्या आणि पोटातला उबदार रंग कमी करा, नाहीतर रायगडाचा कडा फ्रान्समधला दिसायला लागतो.

कधी पॅरिसला गेलात तर गार द ल्यों स्टेशनवरून गाडीने पाऊणएक तासात फाँतेनब्लो, बार्बिझाँला स्वतःचं स्टेशन नाही, पुढे बस नाहीतर टॅक्सी. गावातून आप्रमाँची घळ चालत जाण्याइतकी आहे, वाटेवर खडकात बसवलेली रूसो-मिलेची ब्राँझची तबकडी दिसेल. सह्याद्रीत क्लाइंबिंग करणारी मंडळी सोबत असतील तर त्यांना वेगळं सांगायला नको, बोल्डरिंगवाल्यांची, म्हणजे दोराशिवाय ठेंगण्या दगडांवर चढणाऱ्यांची, ती पंढरीच आहे, दगडांवर पाठीला गाद्या बांधलेली माणसं भेटतील. लूव्हरमध्ये रूसोचा आप्रमाँच्या ओकचा समूह आहे, तो जंगलात जायच्या आधी नाही, जाऊन आल्यावर बघा. आणि जमलं तर पानगळीनंतर जा, उन्हाळ्यात नेचे आणि झाडी सगळे दगड झाकून टाकतात.